मिनिटांचा हिशेब : बास्केटबॉलमधील विश्रांतीचे गणित आणि त्यावरील वाद

बास्केटबॉल सामन्याच्या नोंदपत्रिकेत खेळाडूच्या नावापुढचा पहिला रकाना गुणांचा नसून मिनिटांचा असतो. खेळाडू मैदानावर किती वेळ होता हे आधी, त्याने काय केले हे नंतर. कित्येक दशके या रकान्याकडे फारसे कोणी लक्ष देत नव्हते. गेल्या दीड दशकात मात्र अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात एनबीए, या व्यावसायिक लीगमधील मोठे वाद याच रकान्याभोवती फिरले आहेत. संघांना झालेले दंड, पुरस्कारांचे बदललेले निकष आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची नाराजी या साऱ्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. थकवा आणि दुखापत टाळण्यासाठी धडधाकट खेळाडूला बाकावर बसवावे का, आणि बसवल्याने दुखापत खरोखर टळते का?

या नियोजनाला 'लोड मॅनेजमेंट' असे नाव पडले आहे. क्रिकेटमुळे भारतीय वाचकांना 'वर्कलोड मॅनेजमेंट' हा जवळचा शब्द परिचित आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच ठरले होते. तो ज्या दोन कसोटी खेळला नाही, त्या बर्मिंगहॅम आणि ओव्हलच्या कसोटी भारताने जिंकल्या, आणि महंमद सिराज पाचही कसोटी खेळला. विश्रांतीचे समर्थक आणि विरोधक अशा दोघांनाही एकाच मालिकेतून पुरावा मिळावा, असा हा प्रकार होता. बास्केटबॉलमध्ये नेमके हेच वारंवार घडत आले आहे.

मात्र या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोडतात आणि बरीचशी चर्चा त्यामुळेच भरकटते. सामना खेळताना मिनिटे कमी करणे ही पहिली. आख्खा सामनाच न खेळणे ही दुसरी. पहिलीबद्दल प्रेक्षक क्वचितच तक्रार करतो. दुसरीसाठी लीगला नियम करावे लागले.

२४० मिनिटांची वाटणी

एनबीएचा सामना १२ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या नियमांनुसार तो ४० मिनिटांचा असतो आणि भारतातही हाच नियम चालतो. एका वेळी पाच खेळाडू मैदानावर असल्याने एनबीएच्या प्रशिक्षकाकडे प्रत्येक सामन्यात वाटण्यासाठी २४० मिनिटे असतात. बदली खेळाडू कितीही वेळा पाठवता येतो. अट एवढीच की खेळ थांबलेला असावा. आघाडीच्या खेळाडूला ३८ ऐवजी ३० मिनिटे द्यायची तर उरलेली आठ मिनिटे दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतात, आणि त्या आठ मिनिटांत आघाडी टिकली पाहिजे. म्हणून मिनिटांचे नियोजन हे वैद्यकशास्त्राइतकेच संघबांधणीचे काम आहे. ज्या संघाच्या बाकावर भरवशाचे खेळाडू नाहीत, त्याला ही चैन परवडत नाही.

नियमित मोसमात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यांतले ४१ सामने परगावी होतात. अमेरिका खंडभर पसरलेली असल्याने एका रात्री बोस्टनला खेळलेला संघ दुसऱ्या रात्री दुसऱ्याच शहरात उतरतो. त्यानंतर पात्र ठरलेल्या संघांना प्लेऑफच्या, सातपैकी चार विजयांच्या फेऱ्या खेळायच्या असतात. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला खेळ अंतिम फेरीतल्या संघांसाठी जूनमध्ये संपतो.

सामन्यातील वाटणीचे काही ठरीव रिवाज आहेत. पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रमुख खेळाडू बाहेर येतो, दुसऱ्या सत्राच्या मध्यावर परततो. दोन तारांकित खेळाडू असतील तर एक बसला असताना दुसरा खेळतो. फार वेळ बसणेही सोयीचे नसते, कारण तापलेले स्नायू थंड पडतात. त्यामुळे खेळाडू गुडघ्यांवर शेकाच्या पिशव्या बांधून बसतात किंवा बोळात ठेवलेली स्थिर सायकल चालवतात. पाठीच्या मणक्याचा विकार असलेला स्टीव्ह नॅश तर बाकावर न बसता बाजूच्या जमिनीवर उताणा पडून राहत असे. विश्रांती घेणारा खेळाडू पाहून प्रेक्षकांना गंमत वाटे, पण त्या पडून राहण्यामागे त्याची पुढची सहा-सात मिनिटे होती.

चेंबरलेनपासून जॉर्डनपर्यंत

जुन्या पिढीचा युक्तिवाद बहुधा विल्ट चेंबरलेनपासून सुरू होतो. १९६१-६२ च्या मोसमात ४८ मिनिटांच्या सामन्यांत त्याची सरासरी ४८.५ मिनिटे होती. अतिरिक्त वेळेमुळे ती पूर्ण सामन्याच्याही वर गेली. ८० सामन्यांत मिळून त्याने ३,८८२ मिनिटे खेळली. मायकेल जॉर्डनने कारकिर्दीच्या उत्तरार्धात १९९६, १९९७ आणि १९९८ ही तिन्ही विजेतेपदे मिळवताना नियमित मोसमातील ८२ च्या ८२ सामने खेळले. त्या काळी कोणी विश्रांती मागितली नाही, मग आताच ही नाजुकता कुठून आली, असा या युक्तिवादाचा सूर असतो.

तो सोयीस्करपणे एक प्रसंग विसरतो. मिनिटांच्या मर्यादेचा सर्वांत गाजलेला जुना वाद खुद्द जॉर्डनचाच आहे. १९८५-८६ मध्ये मोसमाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याच्या पायाचे हाड मोडले. मार्चमध्ये तो परतला तेव्हा शिकागो बुल्सच्या व्यवस्थापनाने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला प्रत्येक अर्धात सातच मिनिटे खेळण्याची परवानगी दिली. पुढे ही मर्यादा हळूहळू वाढवली गेली. इंडियानाविरुद्धच्या एका सामन्यात संघ एका गुणाने मागे असताना आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना वेळ संपली म्हणून त्याला बाहेर घेण्यात आले. सहकारी जॉन पॅक्सनने निर्णायक बास्केट केल्याने सामना हाती लागला, पण जॉर्डनचा संताप शमला नाही. पुन्हा हाड मोडण्याचा धोका १० टक्के, असे त्याला सांगितले गेले होते. त्याच्या हिशेबी उरलेले ९० टक्के महत्त्वाचे होते, मालकांच्या हिशेबी ते १० टक्के. मोसम संपताच मर्यादा उठली आणि २० एप्रिल १९८६ रोजी बोस्टनच्या मैदानावर प्लेऑफमध्ये त्याने ५३ मिनिटे खेळून ६३ गुण केले. हा विक्रम आजही उभा आहे. सामना मात्र बुल्स हरले.

त्या वादात आजच्या वादाची सगळी पात्रे उपस्थित आहेत. शरीर खेळाडूचे, करार संघाचा, तिकीट प्रेक्षकाचे आणि जोखमीचा आकडा डॉक्टरांचा.

सॅन अँटोनिओची पद्धत

आधुनिक काळात या विषयाला वळण दिले ते सॅन अँटोनिओ स्पर्स संघाचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी मियामी हीटविरुद्धचा सामना राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला जाणार होता. परगावच्या सलग सहा सामन्यांच्या दौऱ्यातील हा शेवटचा. पॉपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना सामन्याआधीच विमानाने घरी पाठवून दिले. उरलेल्या संघाने विजेत्या मियामीला झुंजवले आणि पाच गुणांनी सामना गमावला. तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. मियामीतील एका वकिलाने तर तिकिटाच्या पैशाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून संघाविरुद्ध दावा दाखल केला.

दंडाची बातमी गाजली. त्याच संघाने पुढच्या मोसमात जे केले ते त्याहून अधिक अभ्यासण्याजोगे असूनही तेवढे गाजले नाही. २०१३-१४ मध्ये स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही. सर्वाधिक सरासरी पार्करची, २९.४ मिनिटे. तरीही संघाने लीगमधील सर्वाधिक ६२ विजय मिळवले आणि अंतिम फेरीत त्याच मियामीला ४-१ असे हरवले. तेव्हा ३८ वर्षांचा असलेला डंकन त्यानंतर आणखी दोन मोसम खेळला.

त्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कवाय लिओनार्ड पुढे विश्रांतीच्या दुसऱ्या मार्गाचे प्रतीक बनला. मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे २०१७-१८ मध्ये तो नऊच सामने खेळू शकला होता. २०१८-१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सकडे आल्यावर त्याला नियमित मोसमातील २२ सामन्यांत खेळवण्यात आले नाही. सलग दोन दिवशी सामने असले तर त्यांतला एक तो खेळत नसे. त्याच्याविना संघाने २२ पैकी १७ सामने जिंकले, हे विसरता कामा नये. प्लेऑफमध्ये त्याने सरासरी ३९ मिनिटे खेळून रॅप्टर्सला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

पार्करने त्या मोसमात ६८ सामने खेळले, लिओनार्डने ६० सामने, सरासरी ३४ मिनिटे. बेरीज केली तर दोघांचाही मोसमाचा एकूण आकडा दोन हजार मिनिटांच्या आसपास येतो. एकाच बेरजेकडे जाणारे हे दोन रस्ते. पहिल्या रस्त्याने गेल्यास प्रेक्षकाला बहुतेक रात्री खेळाडू दिसतो, थोडा कमी वेळ का होईना. दुसऱ्या रस्त्याने गेल्यास काही रात्री तो सूट घालून बाकावर बसलेला दिसतो. भारतात पहाटे पाच-सहाचा गजर लावून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या चाहत्याला हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुरावा काय सांगतो

रॅप्टर्सच्या यशानंतर लोड मॅनेजमेंटची जणू साथ पसरली. पण लिओनार्डचीच पुढची कथा त्याला छेद देते. लॉस एंजेलिस क्लिपर्समध्येही त्याचे सामने काटेकोर निवडले जात होते. तरीही २०२१ च्या प्लेऑफमध्ये त्याच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध दुखावला आणि २०२१-२२ चा संपूर्ण मोसम वाया गेला.

दुसऱ्या बाजूला डेरिक रोझ आहे. २८ एप्रिल २०१२ रोजी प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात शिकागो १२ गुणांनी पुढे होते आणि जेमतेम सव्वा मिनिट उरले होते. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तेव्हाही मैदानावरच होता. उडी घेताना त्याचा एसीएल तुटला आणि त्यानंतर तो पूर्वीचा रोझ कधीच राहिला नाही. प्रशिक्षक टॉम थिबोडो यांच्यावर मुख्य खेळाडूंना फार वेळ खेळवण्याचा शिक्का बसला तो कायमचा. २०१९ च्या अंतिम फेरीत केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून महिनाभराने परतला आणि अवघी १२ मिनिटे खेळून त्याची अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, तुटली. रोझ जास्त मिनिटे खेळला म्हणून आणि ड्युरंट थोडीच मिनिटे खेळूनही, असे दोन्ही निष्कर्ष काढता येतात. एकेका खेळाडूच्या उदाहरणावरून नियम बांधण्यातला धोका तो हाच.

संशोधनात काही गोष्टी तुलनेने पक्क्या आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लागोपाठच्या दिवशी होणाऱ्या सामन्यांचा, विशेषतः परगावच्या, दुखापतींशी संबंध आढळला. झोपेचे महत्त्व तर निर्विवाद. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११ बास्केटबॉलपटूंना रात्री दहा तास अंथरुणात राहण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांची धाव वेगवान झाली आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियाचे क्रीडावैज्ञानिक टिम गॅबेट यांनी २०१६ मध्ये मांडलेला विचार अधिक खोलवर गेला. एकूण भार जास्त असणे तेवढे घातक नाही, सवयीच्या भारात अचानक झालेली वाढ घातक आहे, असा त्याचा गाभा होता. सातत्याने मेहनत करणारे शरीर उलट अधिक सुरक्षित असते. त्यांच्या गुणोत्तराच्या गणितावर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. तरी 'अचानक वाढ' हा इशारा प्रशिक्षकांच्या मनात रुजला. त्यातून विश्रांतीबद्दलच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. हिवाळ्यात ३० मिनिटे खेळवलेल्या खेळाडूला एप्रिलमध्ये एकदम ४० मिनिटे खेळवणे, ही अचानक वाढ नव्हे काय?

जानेवारी २०२४ मध्ये एनबीएने दहा मोसमांच्या माहितीवर आधारलेला ५७ पानी अहवाल संघांना पाठवला. सामने चुकवून घेतलेल्या विश्रांतीमुळे पुढील दुखापतींचा धोका कमी होतो, असे या माहितीवरून दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. लीगच्या बास्केटबॉल विभागाचे प्रमुख जो डुमार्स यांनी काही महिन्यांपूर्वी तेच सांगितले होते. पण हा निष्कर्ष वाचताना सावधगिरी हवी. विश्रांती दिली जाते ती मुळात ज्यांचे गुडघे-घोटे शंकास्पद असतात, अशाच खेळाडूंना. औषध घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी दिसतात, म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. शिवाय दूरचित्रवाणीचे मोठे करार सांभाळणाऱ्या लीगला असा निष्कर्ष गैरसोयीचा नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते. अहवालाने विश्रांती निरर्थक ठरवली असे नाही. ती उपयोगी असल्याचा दाखला त्यात सापडला नाही, एवढेच.

नियमांची बाजू

आयुक्त ॲडम सिल्व्हर यांच्या काळात लीगने आधी वेळापत्रक सैल केले. २०१७-१८ पासून मोसम लवकर सुरू होऊ लागला आणि पाच रात्रींत चार सामने हा प्रकार बंद झाला. लागोपाठच्या रात्रींच्या सामन्यांच्या जोड्याही दरसंघ सुमारे १९ वरून पुढील दशकभरात १५ च्या आसपास आल्या. थकव्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय कदाचित हाच असावा, आणि तो प्रशिक्षकांच्या नव्हे, वेळापत्रक आखणाऱ्यांच्या हाती होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र कडक धोरण आले. मागील तीन मोसमांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए संघात निवडला गेलेला खेळाडू 'स्टार' मानला जातो. अशा दोन धडधाकट खेळाडूंना एकाच सामन्यात विश्रांती देता येत नाही आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या सामन्यांत त्यांना उपलब्ध ठेवावे लागते. पहिल्या उल्लंघनाला एक लाख, दुसऱ्याला अडीच लाख आणि तिसऱ्याला साडेबारा लाख डॉलर दंड आहे. वय ३५ किंवा नियमित मोसमातील ३४,००० मिनिटे ओलांडलेल्या खेळाडूंना लागोपाठच्या सामन्यांबाबत सवलत मागता येते. येथे मिनिटांचा रकाना अक्षरशः वयाच्या दाखल्याच्या जोडीला बसला आहे.

त्याच वर्षीच्या कामगार करारानुसार सर्वोत्तम खेळाडूसारख्या प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक झाले. सामना मोजला जावा यासाठी साधारणतः २० मिनिटे खेळावे लागते. पुरस्कारांशी कमाल वेतनाचे करार जोडलेले असल्याने ही केवळ मानाची बाब राहिलेली नाही. इंडियाना पेसर्सचा टायरीज हॅलिबर्टन २०२३-२४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीतून परतला तेव्हा त्याच्यापुढे सुमारे चार कोटी डॉलरचा फरक उभा होता. त्याने ६९ सामने खेळले आणि नियमावर उघड टीका केली. फिलाडेल्फियाचा जोएल एम्बिड त्याच मोसमात ३९ सामन्यांवर अडकला. जानेवारी २०२४ मध्ये तो दुखऱ्या गुडघ्याने खेळायला उतरला आणि प्रतिस्पर्धी त्याच्या पायावर पडल्याने आतील कूर्चेची गादी फाटली. धडकेची दुखापत विश्रांतीने टळली असती असे म्हणता येत नाही, पण तो त्या रात्री का खेळला, ही चर्चा थांबली नाही.

२०२५ च्या प्लेऑफमध्ये मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, बोस्टनचा जेसन टेटम आणि अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टन, अशा तिघांच्या अकिलीस कंडरा तुटल्या. हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली होती. धोका ठाऊक असूनही तो उतरला, आणि सातव्या सामन्यात न उतरणारा खेळाडू शोधूनही सापडणार नाही. जून महिन्याच्या त्या एका संध्याकाळसाठीच तर वर्षभर मिनिटे वाचवली जातात.

सामने कमी करावेत, ही सूचना दरवर्षी येते आणि दरवर्षी मागे पडते. जुलै २०२४ मध्ये लीगने अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचे प्रक्षेपण करार केले, त्यामुळे ८२ हा आकडा नजीकच्या काळात हलण्याची शक्यता कमी आहे. सिल्व्हर यांनी जानेवारी २०२५ मध्ये वेगळा पर्याय बोलून दाखवला. सत्रे दहा मिनिटांची, म्हणजे सामना फिबाप्रमाणे ४० मिनिटांचा. तसे झाले तर वाटायची मिनिटे २४० वरून २०० वर येतील आणि चेंबरलेनच्या ४८.५ ला कोणी कधीच हात लावू शकणार नाही.

भारतीय मैदानावर

भारतात प्रश्नाचे रूप निराळे आहे. येथे ८२ सामन्यांचा मोसम नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत मात्र आठवडाभरात जवळजवळ रोज सामना असतो. शालेय वयाचा गुणी खेळाडू शाळा, क्लब, जिल्हा आणि राज्य अशा चार संघांकडून खेळतो, आणि चारही प्रशिक्षकांना तो पूर्ण वेळ मैदानावर हवा असतो. त्याच्या एकूण मिनिटांची बेरीज कोणाच्याच वहीत नसते. त्यात अनेक मैदाने सिमेंटची असतात. एनबीए आणि अमेरिकेचा राष्ट्रीय महासंघ यांनी २०१६ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. वयानुसार आठवड्याचे सामने व सरावाचे तास मर्यादित ठेवावेत, आणि १४ वर्षांपर्यंत मुलाने बास्केटबॉल या एकाच खेळाला जुंपून घेऊ नये, असे त्यांत म्हटले आहे.

भार मोजण्यासाठी कॅमेरे किंवा महागडी उपकरणे लागतातच असे नाही. अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला वही-पेन्सिल पुरते. सराव किंवा सामना संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, शून्य ते दहा या मापात आज किती दमलास? तो 'सात' म्हणाला आणि सराव ६० मिनिटांचा होता, तर त्या दिवसाचा भार ४२०. आठवड्याची बेरीज मागील आठवड्यांपेक्षा एकदम वर गेली, तर पुढच्या दिवशीचा सराव हलका ठेवायचा. चार संघांकडून खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही वही संघाकडे असून उपयोग नाही. ती मुलाच्या दप्तरातच असावी लागते.